गुंडीला फिरवून आणणे

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज हिने एक उद्योग करून ठेवला आहे. वरच्या मजल्यावर राहणारी दातांची डॉक्टर बहिणीच्या बाळंतपणाला तीन आठवडे परगावी चालली आहे. तिची कुत्री आणि बोका सांभाळायचं हिने कबूल केलंय, मला न विचारता.

मी म्हटलं, "तुला कुत्र्यामांजरातलं काय कळतं?"

तर म्हणाली, "तुमच्यातलं तरी काय कळत होतं? सांभाळलंच ना."

कुत्रीचं नाव गुंडी. ठेवलं तेव्हा गुंडीएवढी असेलही, आता गादीएवढी आहे. शिवाय म्हातारी आणि अर्धवट बहिरी. बोक्याचं नाव कारकून, कारण तो दिवसभर कागदांवर बसून असतो आणि कोणाचंही काम करत नाही. मी आत्ताच सांगून टाकलं की या प्रकरणाशी माझा काहीही संबंध नाही. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्टचं बरं असतं, दार उघडलं म्हणून ती पळून जात नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

काल संध्याकाळी डॉक्टर किल्ली देऊन गेली आणि आज सकाळी ही न्हाणीघरात घसरली. घोटा टम्म सुजला. समोरचे वकील देवासारखे धावून आले आणि तिला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेले. मी घरीच थांबलो. कोणीतरी घरी हवंच ना.

हाड शाबूत आहे. पट्टी बांधून दिली आहे आणि आराम सांगितला आहे. आल्यावर पलंगावर पाय लांब करून बसली आणि म्हणाली, "वरची किल्ली खिळ्याला लटकवलीय."

"मग?"

"मग काय? मी अशी. आता कारकुनाला सांगू का, गुंडीला जेवायला वाढ म्हणून?"

मुलीचा फोन आला होता. तिला सगळं सांगितलं तर पोटभर हसली. आईचा पाय मोडता मोडता वाचला आणि पोरगी हसते. काय म्हणावं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वर गेलो. दार उघडलं तर गुंडी दारातच आडवी. मान उचलून माझ्या मागे बघितलं, डॉक्टर आहे का म्हणून. नाही म्हटल्यावर मान परत खाली. असं स्वागत माझं कोणीच केलेलं नाही, अगदी सासुरवाडीतसुद्धा.

खाणं वाढलं. बोक्याने खाल्लं, तिने वास घेऊन सोडलं. मग पट्टा लावून खाली आवारात आणली. दोन चकरा मारल्या. तिने एकही काम केलं नाही. मी झाड दाखवलं, नळाजवळची माती दाखवली, शेवटी वकिलांच्या गाडीचं चाकसुद्धा दाखवलं. फाटकाशी जाऊन बसून राहिली. ओढत परत आणली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

गुंडीने कालपासून काही केलेलं नाही. सकाळी पुन्हा आवारात नेली, पुन्हा फाटकाशी जाऊन बसली. वॉचमन बघत होता.

"ती आवारात नाही करत, साहेब. बाईंनी तशी शिकवणच दिलीय."

"मग तू ने जरा बाहेर."

"मी फाटक सोडलं तर सेक्रेटरी मला सोडतील."

डॉक्टरला फोन लावला. ती म्हणाली, "काका, फाटकातून उजवीकडे वळा. पहिला विजेचा खांब. तिथे ती करेल. फार ताटकळत ठेवू नका हं, आजारी पडते मग."

फोन ठेवून मी बराच वेळ जिन्यात उभा होतो. ही खालून हाक मारून विचारत होती, काय झालं म्हणून. मी म्हटलं, काही नाही.

ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. गेल्या वर्षी चौकात मला चक्कर आली आणि मी भर रस्त्यात पडलो. मग सगळ्या तपासण्या झाल्या. काहीच निघालं नाही. काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं. यंत्रातला बिघाड सापडला की भीती संपते. न सापडलेल्या बिघाडाची लिफ्ट मी कधी चालू केली नाही. तेव्हापासून मी फाटकाबाहेर एकटा गेलेलो नाही. बाजार ही आणते. लोक विचारतात, मी म्हणतो, निवृत्त माणसाला बाहेर काम काय असतं?

पण आज गुंडी माझ्याकडे वर बघत होती. तिचे मागचे पाय थरथरत होते. लाज वाटली.

गेलो. डावा हात भिंतीवर, उजव्या हातात पट्टा. भिंत संपते तिथून खांबापर्यंत मोकळी जागा आहे. तिथे मी थांबलो, पण गुंडी थांबली नाही. ती ओढत गेली आणि तिच्यामागे मी. खांबाशी तिने जे सुरू केलं ते संपेचना. मी दुसऱ्या बाजूने खांब धरून उभा होतो. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं असेल, दोघंही त्याच कामाला आलेत.

घरी आल्यावर हिला सांगितलं. ती म्हणाली, "बाहेर नेलंत?" आणि मग पाण्याचा तांब्या शोधायला लागली. तो तिच्या उशाशीच होता.

रविवार, ९ फेब्रुवारी

खांबापर्यंत, दोन वेळा. गुंडीने अर्धी वाटी खाल्लं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळी चहा मी केला. ही म्हणाली, छान झालाय. तोंड मात्र वेडंवाकडं केलं. भाजी चिरली. पलंगावरून सूचना येत होत्या, "बारीक... त्याहून बारीक... अहो, ती भाजी आहे, लाकूड नव्हे." एवढी वर्षं ही हे सगळं रोज करत होती आणि मी पेपर वाचत होतो, हे आज भाजी चिरताना पहिल्यांदा नीट दिसलं. पेपर वाचताना दिसत नाही.

वर कारकून माझ्या पेपरवर बसतो. उचलला की दुसऱ्या पानावर बसतो. गुंडी मात्र आता मी आलो की शेपटी एकदा आपटते. एकदाच. उधळपट्टी नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बायकांना लागणाऱ्या वस्तू एकदम का आठवत नाहीत, देव जाणे. परवा म्हणाली, तुम्ही खांबापर्यंत जाताच आहात, तर पुढच्या टपरीवरून काडेपेटी आणा. काल म्हणाली, औषधाच्या दुकानातून घोट्याला चोळायचा मलम हवाय. ते दुकान टपरीच्या बरंच पुढे. आज म्हणाली, चपलेचा अंगठा तुटलाय, चांभाराकडे टाकून या. चांभार औषधाच्या दुकानाच्याही पुढे, पार वळणावर. मी म्हटलं, अगं, सगळं एकदम सांगत जा, एका खेपेत होईल. तर म्हणाली, "डोकं कुठे चालतंय माझं, पाय असा असल्यावर."

वळणावर सायकल दुरुस्त करणारा बसतो. गुंडीला बघून म्हणाला, "ही तर डॉक्टरीणबाईंची! आज ड्रायव्हर बदलला वाटतं?" मी हसलो. रस्त्यात उभा राहून कोणाशी हसल्याला वर्ष झालं असेल.

शनिवार, १५ फेब्रुवारी

हिच्या पायाची काळजी वाटते. सूज दिसत नाही, पण लंगडणं तसंच आहे. दुखणं आत गेलं असेल का? आज दुपारी वरून आलो तेव्हा पट्टी डाव्या पायाला दिसली. मला तर वाटत होतं उजवा पाय दुखावलाय. विचारलं तर म्हणाली, "चष्मा कुठेय तुमचा?" चष्मा खरोखरच वर राहिला होता. आणून बघितलं तर पट्टी उजव्याच पायाला. वयाप्रमाणे नजर जाते, दुसरं काय.

वरच्या फळीवरचा साखरेचा डबाही आज खाली आला होता. वकिलीणबाई येऊन काढून देत असतील. फार चांगली माणसं आहेत. त्यांना एकदा जेवायला बोलवायला हवं, म्हणजे हिचा पाय बरा झाल्यावर.

रविवार, १६ फेब्रुवारी

गुंडी आता वळणावर थांबायला तयार नाही. वळणानंतर चौक, आणि चौकापलीकडे बाग. तिला बागेत जायचंय. चौक दिसला आणि मी थांबलो. तो पलीकडचा पावाच्या दुकानाचा हिरवा फलक, त्याच्या समोरच मी पडलो होतो. पडल्या पडल्या मला चेहरेच चेहरे दिसले होते, वरून वाकलेले. कोणीतरी हसलं, असंही मला आठवतं. उठलो आणि कोणाकडे न बघता सुटलो होतो.

गुंडीला म्हटलं, "बाई, हे माझ्याच्याने व्हायचं नाही." तिला ऐकू येत नाही, म्हणून तिला काहीही सांगता येतं. ती खाली बसली. मीही कठड्यावर बसलो. मग दोघं परत आलो.

मुलीचा फोन आला होता. मी स्वयंपाकघरात गेलो की आई आणि मुलगी हळू आवाजात बोलतात. बाहेर आलो की मोठ्याने, "हो गं, अजून दुखतंयच." बिचारी मुलीला काळजी वाटू नये म्हणून मधूनमधून हसतेही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

चौक ओलांडला.

कसा, ते सांगता येत नाही. गुंडी चालत राहिली, एवढंच. ती इतकी सावकाश चालते, की गाड्यांनाच थांबावं लागतं, आणि ती कोणाची माफी मागत नाही. मी पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. पलीकडे पोचल्यावर पायात गोळे आले होते. बागेत ती गवतावर लोळली, चारही पाय वर करून, एवढी मोठी बाई. मी बाकावर बसून बघत राहिलो. ऊन होतं. बरं वाटलं.

घरी येऊन सांगितलं, तर ही म्हणाली, "हो का? मग उद्यापासून ताजा पाव आणत जा. ते दुकान तिथेच आहे." बायकोला कौतुक म्हणून नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

झोप येत नाही, म्हणून लिहितो.

सकाळी बागेत जाता जाता पावाच्या दुकानात थांबलो. गुंडीचा पट्टा बाजूच्या गजाला अडकवला. पाव घेऊन वळतो तो पट्टा सुटलेला आणि गुंडी दुकानाच्या मागच्या दारातल्या टोपात तोंड घालून उभी. बिघडलेलं कच्चं पीठ टाकून द्यायला म्हणून ठेवलं होतं म्हणे. तिने बराचसा गोळा गिळला होता. पाववाली बाई म्हणाली, "अगं चोरटे!" मीही हसलो. म्हटलं, आज हिची भूक परत आली. मला आनंदच झाला.

बागेत ती लोळली नाही. परत येताना तिची पावलं वाकडी पडायला लागली. चौकाच्या मधोमध मागचे पाय फाकले आणि ती खाली बसली. मी ओढलं, उठेना. पोटाला हात लावला तर नगाऱ्यासारखं टणक. जीभ बाहेर, डोळे कुठेतरी भलतीकडे. मला वाटलं, हिलाही चक्कर आली, माझ्यासारखी. इथेच.

चारी बाजूंनी भोंगे. मी रस्त्यातच गुडघ्यांवर बसलो आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. माझंही डोकं गरगरत होतं, की गरगरेल असं वाटत होतं, आता आठवत नाही. एवढं आठवतं, की मी ओरडलो. आयुष्यात कधी रस्त्यात ओरडलो नसेन. "अहो, कोणीतरी थांबा! कोणीतरी या हो!"

आणि आले. सायकलवाला हातात पान्हा घेऊनच धावत आला आणि रहदारीसमोर हात पसरून उभा राहिला. पाववाली दुकान उघडं टाकून आली. तिने गुंडीचं पोट बघितलं आणि कपाळावर हात मारला. "पीठ फुगतंय आत! अहो, आंबवलेलं पीठ ते! पळा डॉक्टरकडे!" दूधवाल्याचा टेम्पो भोंगा वाजवत होता. तिने त्याच्या खिडकीवर थापा मारल्या. "वाजवतोस काय? दार उघड!" पिठाच्या मोकळ्या गोणीवर घालून आम्ही चौघांनी तिला वर चढवली. टेम्पोवाला वाटेत एकच वाक्य बोलला, "काका, तिला धरा, मी खड्डे चुकवतो." आणि चुकवले.

जनावरांच्या डॉक्टरने तिला टेबलावर घेतलं, तोंडाचा वास घेतला आणि म्हणाला, "दारू चढलीय हिला."

मला वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती. पोटातल्या उबेत पीठ आंबत राहतं, फुगत राहतं आणि त्याचीच दारू होते. वेळेवर आणलंत म्हणाला. उशीर झाला असता तर पोटाला पीळ पडला असता. मग नळी घालून थंड पाण्याने पोट धुवायला घेतलं. मला बाहेर बसायला सांगितलं.

बाहेरून हिला फोन केला. काय बोललो ते धड आठवत नाही. चौकात, पडली, दवाखाना, असं काहीतरी. फोन मध्येच तुटला. मग आमच्या वरच्या डॉक्टरला केला. म्हटलं, "बाई, तुझी गुंडी मी नीट सांभाळली नाही." तिने आधी दवाखान्यात काय करताहेत ते विचारलं. मग म्हणाली, "काका, ती माझ्या हातूनही एकदा साबण खाऊन बसली होती. तुम्ही तिच्याजवळ आहात ना? मग मला काळजी नाही." असं म्हणताना ती रडत होती, हे मला कळत होतं.

तेवढ्यात दवाखान्याचं दार उघडलं आणि ही आत आली. घरातल्या सपाता, पदर कसाही खोचलेला, धापा टाकत. जिना उतरून, अख्खा रस्ता, चौक ओलांडून! मला बघितलं आणि दारातच उभी राहिली.

"तुम्ही ठीक आहात?"

"मला काय धाड भरलीय? गुंडी पडली."

"गुंडी?" ती म्हणाली. "मला ऐकू आलं, चौकात पडलो." आणि माझ्या शेजारी बसून तिने माझं मनगट असं धरलं, की अजून वळ आहे.

मग मला आठवलं. "अगं, पण तुझा पाय!" तिने पायाकडे बघितलं, जणू दुसऱ्याचा आहे. "हो की," म्हणाली. संकटात माणसात कुठून बळ येतं, सांगता येत नाही. परत जाताना मात्र बिचारी फार लंगडत होती. रिक्षा केली.

गुंडी वाचली. आज रात्रभर दवाखान्यात राहील.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

गुंडी घरी आली. डोकं धरून बसल्यासारखी बसली होती, आदल्या दिवशीची उतरली नसल्यासारखी. मला बघून शेपटी आपटली. या वेळी किती वेळा, ते मोजलं नाही.

तिला वर झोपवून मी पाववालीचे आभार मानायला गेलो. एकटा गेलो नाही, वकील बरोबर होते. ती म्हणाली, "आधी सांगा, कशी आहे?" बरी आहे म्हटल्यावर तिने हुश्श केलं. टोप आता आत ठेवते म्हणाली, दहा वेळा म्हणाली. मग माझ्याकडे निरखून बघितलं.

"राग येणार नसेल तर विचारते. गेल्या वर्षी इथे पडले होते ते तुम्हीच ना?"

मी मान हलवली. वकिलांनी उगाचच पावांकडे बघितलं.

"तरीच. काल तुम्ही ओरडलात तेव्हा वाटलं, हा माणूस ओळखीचा. अहो, तुमच्या डोक्याखाली गोणी मी सरकवली होती. या सायकलवाल्याने रस्ता अडवला होता. एक बाई तुमच्यावर उन्हासाठी ओढणी धरून उभ्या होत्या, त्या कोण होत्या, मलाही माहीत नाही. तुम्ही डोळे उघडले तेव्हा आम्ही सगळे हसलो, बरं वाटलं म्हणून. आणि तुम्ही उठलात आणि तरातरा निघूनच गेलात. मी पाणी घेऊन मागे आले, तर तुम्ही वळणावरून दिसेनासे. नंतर कधी दिसलाच नाहीत. आम्हाला वाटलं..."

"काय वाटलं?"

"जाऊ द्या हो. दिसलात ना."

मी काहीतरी बोललो. धन्यवाद म्हणालो असेन. ते एका वर्षाच्या उशिराने होते, पण तिने ते आजचेच असल्यासारखे घेतले आणि आम्हा दोघांना चहा पाजला.

रविवार, २३ फेब्रुवारी

ते हसणं दोन दिवस डोक्यातून जात नाही. वर्षभर मी त्या चेहऱ्यांना घाबरून घरात बसलो होतो. आणि ते चेहरे, मी पोचलो की नाही, या काळजीत होते.

किती माणसं असतील! ओढणीवाली बाई, तिचं तर तोंडही मी बघितलेलं नाही. तिला कुठे गाठणार? टेम्पोवाला भेटला, त्याला हात जोडले. म्हणाला, "कुत्री कुठल्या जातीची आहे हो?" मी म्हटलं, "माहीत नाही." तो म्हणाला, "मग ठीक."

सायकलवाल्याकडे आज थोडा वेळ बसलो. त्याच्याकडे एका चाकाचा आस वाकलेला होता, दोघांनी मिळून सरळ केला. हाताला वंगण लागलं, बरं वाटलं. गुंडी शेजारी सावलीत झोपली होती. आता ती चौकात थांबते, माझ्याकडे बघते आणि मग निघते. मला सांभाळून नेते, असं उगाचच वाटतं. शेवटी सांभाळायची जबाबदारी तर माझी.

बायकोचाही ऋणी आहे. ते हिला सांगायला हवं, पण कसं सांगायचं कळत नाही. आज तिच्या घोट्याला मलम चोळून दिला. ती म्हणाली, "इतकं नका हो करू." डोळ्यांत पाणी आलं तिच्या. दुखत असणार.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

डॉक्टरच्या बहिणीला मुलगी झाली. फोटो आला. फोनवर डॉक्टर म्हणाली, "काका, ही अगदी गुंडीसारखी झोपते." हे बाळाच्या आईला सांगू नकोस म्हटलं.

उद्या येते ती. वर जाऊन घर झाडून काढलं. कारकुनाने नव्या केराच्या ढिगावर बसून घेतलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आली. दाराच्या बाहेर तिचं पाऊल वाजलं आणि ती अर्धवट बहिरी म्हातारी आतून अशी सुटली, की मी आडवा होता होता वाचलो. नाचली, कण्हली, डॉक्टरच्या सगळ्या तोंडावर जीभ फिरवली. मी पट्टा हातात धरून उभा. माझ्याकडे तिने वळूनही बघितलं नाही.

बघावं तरी का? तिचं माणूस आलं होतं. चांगलंच झालं. मीही डोळे पुसले, केसांची ॲलर्जी होते मला बहुतेक.

डॉक्टर खाली हिला भेटायला आली. म्हणाली, "काकू, पाय कसा आहे?"

"आजच बरा झाला बघ," ही म्हणाली. "अगदी आजच."

दोघी खूप हसल्या. मला कळलं नाही, पण बरं झालं ते बरं झालं. मलमाला श्रेय द्यायला हवं. नाव लिहून ठेवतो, मुलीलाही सांगेन.

डॉक्टर जाताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "काका, मी तुमची फार आभारी आहे." मी म्हटलं, "छे, छे." खरं तर उलट म्हणायचं होतं. ते तोंडातून निघालंच नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आज सकाळी नेहमीसारखी जाग आली. तोंड धुतलं, बूट घातले, निघालो. खांबाशी जरा थांबलो, टपरीवाल्याने मान हलवली, मीही हलवली. औषधाचं दुकान अजून बंद होतं. वळणावर सायकलवाला म्हणाला, "आज एकटेच?"

मी हाताकडे बघितलं. पट्टा नव्हता. गुंडीही नव्हती. ती वर, तिच्या घरी.

क्षणभर पायाखालची जमीन हलली. आता येणार चक्कर, म्हणून मी त्याच्या दुकानाचं दार धरलं. तो म्हणाला, "बसताय का?" मी म्हटलं, "नाही, थांबा, बघतो." वाट बघितली. आली नाही. मग दार सोडलं आणि चालायला लागलो. चौकात गाड्या माझ्यासाठी थांबल्या नाहीत, म्हणून मीच थांबलो, इतरांसारखा. पलीकडे गेलो. पाववालीने आतून हात केला.

बागेत बाकावर बसलो आणि हिला फोन लावला.

म्हटलं, "ओळख, मी कुठे आहे."

"वर असाल. गुंडीकडे."

"बागेत आहे. एकटा. गुंडी नाही, कोणी नाही. आपला असाच आलो."

पलीकडून काहीच आवाज नाही. मी दोनदा हॅलो म्हणालो. नुसतं काहीतरी खरखरलं, मग पुन्हा शांत. शेवटी एकदम जाड आवाजात म्हणाली, "तिथेच बसा. हलू नका. मी येते."

आली. भरभर आली, पाय चांगलाच सुधारलाय. शेजारी बसली. उन्हात बरं वाटत होतं. मी म्हटलं, "तुझे फार उपकार आहेत माझ्यावर." हे तोंडातून निघालं कसं, कोण जाणे. ती म्हणाली, "चला, काहीतरीच," आणि पदर डोळ्यांना लावला. बागेत धूळ फार आहे.

परत येताना पाव घेतला. चौक ओलांडताना हिने माझा हात धरला नाही, नुसती बरोबर चालली.

हिच्या फोनमध्ये मात्र बिघाड आहे. मध्येच आवाज जातो. उद्या उघडून बघतो.